पिंजाऱ्याचा हंडा

उकंडराव भरदुपारी डोक्यावर तांब्याचा हंडा घेऊन घरात शिरला. भाकरी थापणारी रुख्मिणीबाई पिठाच्या हातानंच उठली.

"हा तर हुसेनबीचा हंडा!"

"निजाम पडला. समद्या गावानं नेलं, मग आपणच काहून मागं ऱ्हायचं?"

हुसेनबी त्यांची शेजारीण. तिच्या नवऱ्याला, दादामियाँ पिंजाऱ्याला, सकाळीच गावातल्या चौघांनी ओढ्यावर कुऱ्हाडीनं तोडलं होतं. निजामाचे रजाकार कधीच पळाले होते. सूड उगवायला सापडला तो गावाच्या गाद्यांचा कापूस पिंजणारा माणूस.

"दादामियाँ रजाकार व्हता?"

"नव्हता. पन त्यांच्यातलाच ना."

"पल्याडच्या साली कनेरगावच्या वाटंवर दरोडा पडला. दरोडेखोर तुमच्या भावकीतलाच निघाला. म्हून कुनी तुमचा गळा कापला?"

रुख्मिणीबाईनं हंडा उचलला आणि भर रस्त्यानं निघाली. पारावर माणसं बसली होती. म्हातारा ग्यानबा म्हणाला, "वयनी, गावाची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडू नका."

"अब्रू? रजाकार आले तवा समदे ज्वारीत दडून बसले व्हते. तवा कुठं गेल्ती ही मर्दुमकी?"

"दादामियाँ माणूस चांगला व्हता, ते खरं," कुणीतरी पुटपुटलं.

ती गर्रकन वळली. "अन् चांगला नसता तर मारायचा व्हता का?"

हंडा सावरत ती पुढं निघाली.

पिंजाऱ्याच्या घराची दारंसुद्धा उपटून नेली होती. हुसेनबी दोन लेकींना घेऊन भिंतीशी बसली होती. हंड्याकडं तिनं पाहिलंही नाही. "ने माय परत. ते अजून येतील."

"येऊ दे. माझ्या दारात येऊ दे." रुख्मिणीबाईनं धाकटीला कडेवर घेतलं आणि तिघींना घरी आणलं.

उकंडराव रागानं शेतातल्या आखाड्यावर, खोपीत राहायला गेला. बायांनी तिला विस्तव देणं बंद केलं. पुढं चौकशीला साहेब आला, तेव्हा सगळा गाव म्हणाला, दादामियाँ पळून गेला. रुख्मिणीबाईनं एकटीनं चारही नावं घेतली. त्यातला एक तिचा सख्खा पुतण्या होता. साहेबानं मान हलवली, चहा घेतला आणि तो निघून गेला. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

दिवाळीनंतर हिंगोलीहून हुसेनबीचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. हुसेनबी गाडीत बसताना रुख्मिणीबाई म्हणाली, "सणावाराला येत जा."

"न्हाई बाई," हुसेनबी म्हणाली. "तुमच्या घरीबी न्हाई. वाट ओढ्यावरून हाय."

रुख्मिणीबाई गाडीबरोबर ओढ्यापर्यंत चालत गेली.