लिटरला त्रेचाळीस

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. एकवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्यामुळे त्यांचा उजवा डोळा डाव्यापेक्षा जरा बारीक झाला होता. समोरचा माणूस बोलत असताना ते त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या कॉलरवरच्या कोंड्याकडे बघताहेत, असं लोकांना वाटायचं. बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

काम तसं साधं. नळाचं एक लिटर पाणी पांढऱ्या गाळणकागदाच्या चकतीतून गाळायचं, चकती भिंगाखाली धरायची आणि तिच्यावर अडकलेले प्लॅस्टिकचे कण नि धागे मोजायचे. सोबत एक कोरी चकती ठेवायची. तिच्यातून काही गाळायचं नाही, ती नुसती टेबलावर उघडी पडून राहणार. हवेतून, कपड्यांवरून जे काय झडतं ते तिच्यावर दिसावं आणि एकूण आकड्यातून वजा व्हावं, एवढ्यासाठीच तिचा जन्म.

भिंगकाका टापटिपीचे. आठवड्याच्या सगळ्या कोऱ्या चकत्या ते सोमवारी सकाळीच उरकून टाकत. नुकती आंघोळ झालेली, अंगात सुती सदरा, खोली पुसलेली. चकत्या अगदी कोऱ्याकरकरीत निघत आणि त्यांना मनातून बरं वाटे. पाण्याचे नमुने मात्र दुपारी यायचे. यंत्रांसाठी लावलेला एसी तोवर हाडांत शिरलेला असायचा आणि भिंगकाकांचे दात वाजायला लागायचे.

म्हणून त्या वर्षी बायकोने त्यांना निळा स्वेटर विणून दिला.

"हात लावून बघा किती मऊ आहे," ती म्हणाली होती. "मेंढीची लोकर तुम्हाला टोचते. ही कारखान्यातली आहे, ॲक्रिलिकची."

आणि त्याच महिन्यात नळाच्या पाण्यात निळे धागे सापडायला लागले. लिटरला त्रेचाळीस.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई खुर्चीतून उठल्याच. "काका, परत मोजा."

काकांनी परत मोजले. पंचेचाळीस भरले. अहवाल वर गेला, वरून तो बाहेर फुटला आणि तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर पाण्याचा ग्लास छापून आला. ग्लास कसला निळाशार! बिचाऱ्या छायाचित्रकाराला धागे दिसेनात, म्हणून त्याने पाण्यात शाई घातली होती.

भिंगकाकांची बायको इतकी वर्षं इमारतीत 'पाण्याच्या पंपाबद्दल तक्रार करणारी' म्हणून ओळखली जायची. ती बोलायला लागली की लोकांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं. आता तेच लोक वही-पेन घेऊन तिच्या दारात उभे राहिले आणि तिनेही त्यांना निराश केलं नाही. प्लॅस्टिकच्या डब्यात काही गरम करायचं नाही. बाटल्या काचेच्या नाहीतर स्टीलच्या. भाजी चिरायची फळी लाकडाची. यंत्रात कपडे धुताना पाणी थंड ठेवायचं, यंत्र पूर्ण भरायचं, म्हणजे घासाघास कमी होते. ड्रायर बंद, कपडे सावलीत वाळवायचे. केर कोरड्या झाडूने उडवायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचा. आणि नवं घ्यायचंच असेल तर सुती.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तेवढे अडून बसले. "वहिनी, बादलीसुद्धा?"

"तिच्यात कढत पाणी घेता ना?"

"घेतो."

"मग?"

मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना 'मग?' विचारलं होतं. आता तोच 'मग' त्यांच्यावर उलटला. त्यांनी मुकाट्याने बादली आणून दिली.

भिंगकाकांनी एकदा दबकत विचारलं होतं, "अगं, आणि आपला स्वेटर? ॲक्रिलिकही प्लॅस्टिकच ना?"

"तो मी विणलाय," ती म्हणाली, आणि विषय संपला.

पुढे एकदा त्या स्वेटरवर चहा सांडला. बायकोने तो थंड पाण्यात धुतला आणि नियमाप्रमाणे सावलीत टाकला. विण दाट, वाळायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत भिंगकाकांनी दुपारी कुडकुडत सहा नमुने तपासले. लिटरला दोन धागे. फार तर तीन.

प्रमुख बाईंनी टाळीच वाजवली. "त्रेचाळीसवरून दोन! काका, सहा आठवड्यांत तुमच्या मिसेसनी करून दाखवलं बघा. रविवारी सकाळी सभागृहात सत्कार ठेवू या."

बेचाळीस घरांच्या एका इमारतीने बादल्या बदलल्या म्हणून अख्ख्या गावाचं पाणी नितळ होत नाही, हे भिंगकाकांना कळत होतं. त्यांना आणखीही काहीतरी कळत होतं, पण ते स्वतःला कळू द्यायला त्यांना मंगळवार उजाडावा लागला. त्यांनी वाळलेल्या स्वेटरच्या बाहीचा एक तंतू चिमट्याने उपटला आणि जुन्या चकतीवरच्या धाग्याशेजारी ठेवला. जुळे भाऊ. रंग तोच, जाडी तीच, पीळही तोच.

बाईंना त्यांनी सांगून पाहिलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "कोऱ्या चकत्या सकाळी? सुती सदऱ्यात? आणि नमुने दुपारी, स्वेटरमध्ये?"

"हो."

"आपण रविवारनंतर बोलू."

बाईंची भीती भिंगकाकांना नव्हती. भीती घरची होती. बायको हल्ली भांडी पुसताना गुणगुणायची. जिन्यात ती दिसली की लोक बाजूला होऊन वाट देत. एवढ्या वर्षांनी मिळालेलं हे तिच्या हातातून आपणच काढून घ्यायचं? ते रोज सांगायचं ठरवत आणि रोज मीठ मागून गप्प बसत.

रविवारी सकाळी ती सत्काराचे सुती कपडे इस्त्री करत होती.

"अगं, एक सांगायचं होतं."

"इस्त्री तापलीये, लवकर सांगा."

"ते निळे धागे पाण्यातले नव्हते."

"मग?"

"माझ्या बाहीतले होते."

इस्त्री हवेतच थांबली. "म्हणजे मी विणलेल्या."

"चूक माझी आहे. कोरी चकती मी सकाळी..."

"लोकांच्या बादल्या मी बाहेर काढल्या, आणि प्लॅस्टिक माझ्याच सुयांवरून उतरलं होतं." तिने इस्त्री उभी ठेवली. "कधी कळलं तुम्हाला?"

"मंगळवारी."

"आज रविवार आहे."

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"मला काय वाटेल ते भिंगातून बघितलंत का?" ती खुर्चीवर बसली. "आणि ते उरलेले दोन कुणाचे?"

"ते पाण्याचेच. म्हणजे... बहुतेक."

सभागृहात इमारतीतल्या सगळ्यांसमोर प्रमुख बाईंनी गुच्छ पुढे केला. बायकोने तो घेतला आणि न हुंगता टेबलावर ठेवला. "पाण्यात दोनच धागे आहेत," ती म्हणाली. "पहिल्यापासून दोनच होते. बाकीचे एकेचाळीस आमच्या घरचे, माझ्या हातच्या स्वेटरचे."

सुटकेचा नि:श्वास ऐकू येईल असं भिंगकाकांना वाटलं होतं. पण लोकांचे चेहरे पडले. दीड महिना मन लावून घाबरल्यावर दोन धाग्यांवर समाधान मानणं कुणालाच जमेना.

"म्हणजे माझी बादली उगाच गेली?" मास्तर उठून उभे राहिले.

"तिच्या तळाचा भुगा होत होता, मास्तर. तो तुमच्या अंगावरच जात होता."

मास्तर बसले. तेवढ्यात तळमजल्यावरची तान्ह्या बाळाची आई म्हणाली, "काकू, पण एका स्वेटरने दुपारभरात एकेचाळीस?"

"तेही नुसते चकतीवर," मागच्या रांगेतून आवाज आला. तो आपलाच आहे हे सगळ्या माना वळल्यावर भिंगकाकांच्या लक्षात आलं.

"चकती केवढी असते?"

भिंगकाकांनी अंगठा नि तर्जनी जुळवून एवढंसं वर्तुळ करून दाखवलं. सभागृह त्या वर्तुळाकडे बघत राहिलं.

"आणि उरलेल्या खोलीत?"

"ते मोजलं नाही," भिंगकाका म्हणाले. "मोजायला हवं होतं."

कुणीतरी खिडकीच्या पडद्याकडे बघितलं, कुणी पायाखालच्या गालिच्याकडे. तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ जाड, मऊ, केसाळ जाकीट घालून बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या हळूच सरकल्या.

सोमवारी बाईंनी भिंगकाकांच्या हातात लेखी समज दिली आणि त्यासोबत जाड सुती कापडाचा एक कोट. कोरी चकती आता प्रत्येक नमुन्यासोबत, त्याच वेळी, त्याच कपड्यांत. काकांनी दोन्ही घेऊन मान डोलावली. बाहेर आले तर व्हरांड्यात अकरा जण रांगेत उभे. प्रत्येकाच्या हातात काडेपेटी, आणि तिच्यात पलंगाखालून, गादीवरून, बाळाच्या दुपट्यावरून गोळा केलेला धुळीचा पुंजका. रांगेच्या शेवटी त्यांची बायको होती.

"तू कशाला रांगेत?" भिंगकाका खालच्या आवाजात म्हणाले. "घरीच दाखवायचं होतंस."

"घरी तुम्ही मंगळवारचं रविवारी सांगता," ती म्हणाली. "इथे निदान पावतीवर तारीख पडते."