माथ्यावरचा राखीव हँडसेट

मालन पाटकर टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या, पण कान लावून बसायची सवय सुटली नाही. लेकीने, आकांक्षाने, हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संचाचा, परवाना काढला, तेव्हा त्यांनीही परीक्षा दिली. आकांक्षा डोंगरमाथ्यांवर जाऊन तिथून लांबलांबच्या लोकांशी बोलायची आणि मालनबाई नायगावातल्या आपल्या नव्या उंच इमारतीच्या गच्चीवरून तिला उत्तर द्यायच्या.

त्या रविवारी ती मयूर या मित्राबरोबर शहापूरकडच्या डोंगरावर गेली होती. अकराला तिचा आवाज स्वच्छ आला. वारा फार आहे, साडेअकराला परत बोलते, म्हणाली.

साडेअकरा झाले, बारा झाले. दोघांचेही मोबाइल लागेनात. मालनबाई हाका देत होत्या आणि प्रत्येक हाकेनंतर नुसती खरखर. डोक्यावर ऊन तापलं होतं. बॅटरी संपली असेल, असं त्या स्वतःला समजावत राहिल्या. पण आकांक्षा दोन बॅटऱ्या नेते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बारा वीसला खरखरीतून आवाज आला. पुरुषाचा.

"काकू, मयूर बोलतोय."

मग तुटक तुटक कळलं. उतरताना आकांक्षाचा पाय निसटला आणि ती खालच्या कपारीत अडकली. मोठा रेडिओ तिच्या सॅकमध्ये होता, ती सॅक दरीत गेली. मयूरच्या खिशात वजनाला हलका म्हणून घेतलेला मुठीएवढा राखीव हँडसेट होता. त्याची अँटेनाची वायर काठीला बांधून त्याने उंच धरली होती. बॅटरी जेमतेम उरली होती.

"ती बोलतेय का रे?"

"मघाशी बोलत होती. आता नाही."

 एक्स्चेंजमधल्या त्याच सपाट आवाजात मालनबाईंनी जागेची खूण विचारून वहीत लिहून घेतली. मग बॅटरी टिकावी म्हणून हँडसेट बंद कर, एक वाजल्यापासून दर अर्ध्या तासाने एकच मिनिट चालू कर, असं बजावलं. मयूरने बटण दाबलं आणि आवाज तुटला. हातातला एकमेव धागा त्यांनीच सोडला होता.

त्यांनी पोलिसांना आणि शहापूरच्या गिर्यारोहकांना फोन केले. एक वाजता मयूर रेडिओवर आला, तसंच आहे म्हणाला. दीडला आला. दोनला आलाच नाही. अडीचलाही नाही. गच्चीच्या कठड्याला धरून त्या उभ्या राहिल्या. खाली बसले तर उठवणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

पावणेपाचला फोन वाजला. गिर्यारोहकांनी दोराने तिला वर घेतलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं, श्वास चालू होता. मयूर सुखरूप होता, त्याच्या हँडसेटची बॅटरी दीडनंतर संपली होती.

तीन दिवसांनी परळच्या इस्पितळात आकांक्षा नीट बोलली. कपारीत पडल्या पडल्या तिला वरून, मयूरच्या हँडसेटमधून, आईचा आवाज ऐकू येत होता, ओठ मात्र हलत नव्हते.

"तू त्याला बंद कर म्हणालीस ना," ती म्हणाली, "तेव्हा सगळ्यात जास्त भीती वाटली."

मालनबाईंनी तिचा हात हातात घेतला.

"मलाही," त्या म्हणाल्या.