दोन हातांची विहीर

साखरा गावचा दगडोबा नावाला जागणारा माणूस. एकदा ठरवलं की हलायचा नाही. बापानं खणलेली मळ्यातली विहीर बुजवायची त्यानं ठरवलं आणि जेसीबीवाल्या हिरासिंगला उद्या सकाळी यायला सांगूनही टाकलं. मेलेली विहीर उघडी ठेवू नये, लेकरंबाळं पडतात, एवढंच तो बोलायचा. आतून मात्र तुटत होता.

विहीर मेली हे त्याला जवळच्याच गोरेगावच्या फरहीनच्या लॅपटॉपनं सांगितलं होतं. ही पोरगी कॉम्प्युटर शिकलेली, गावोगावच्या विहिरींचं पाणी टिपणारी. दर शुक्रवारी काठावरून दोर सोडायचा आणि पाण्यापर्यंत किती हात गेला ते तिला कळवायचं. पोळ्यापर्यंत दगडोबानं मोजलं. मग गुडघ्यांनी दावा साधला, मळा सुटला आणि दोर सून प्रियंकाच्या हातात आला. तेव्हापासून लॅपटॉपवरची पाण्याची रेघ जी खाली बसली ती बसलीच, तीही भर पावसात. शेजारच्या बोअरनं झरा ओढला, असं दगडोबानं मनाशी धरलं. "पाणी दिसतंय, मामा," प्रियंका एकदोनदा दाराआडून म्हणाली. "दिसाया काय, सगळंच दिसतं," म्हणून त्यानं तिला उडवून लावलं.

त्या दुपारी फरहीन त्याच्या ओसरीवर लॅपटॉप उघडून बसली.

"आता काय करून राहिली, पोरी?"

"काका, ह्याला नोटबुक म्हणतात. वर गणित लिहायचं, खाली रेघ निघते. आकडा बदलला की रेघ बी बदलते. पण माझा लॅपटॉप मिटला की खेळ खलास. म्हणून दूरच्या एका भाड्याच्या कॉम्प्युटरवर चढवून राहिले. क्लाउड म्हणतात त्याला. मग लिंक दाबली की तुमच्या मोबाइलात उघडंल."

पहिल्यांदा ते चढेचना, पडदा लाल अक्षरांनी भरला. कोणकोणती अवजारं लागतील ते त्या दूरच्या मशीनला सांगायचं राहिलं होतं. ते सांगितल्यावर चढलं. मग तिनं गणित झाकून टाकलं, बटणांवर मराठी नावं घातली आणि पिशवीतून टेप काढला.

"काका, हाताचं मीटर करायचंय. तुमचा हात किती?"

दगडोबानं कोपरापासून हात पुढं केला. तिनं मापला. तेवढ्यात दाराआडून प्रियंका पुढं आली, सासऱ्यासमोर कधी न येणारी. बांगड्या मागं सारून तिनंही हात पुढं धरला.

"आन् माझा?"

तो चांगला चार बोटं आखूड भरला. फरहीन जागच्या जागी थिजली.

"वहिनी, पोळ्यानंतर तुमच्या हातानं मोजलं?"

"मंग कुणाच्या?"

"या अल्ला! मी तर दोघांचा हात एकच धरून बसले. इचारलंच न्हाई."

तिनं पडद्यावर प्रियंकाच्या हाताची, बोटानं मागंपुढं सरकणारी एक पट्टी बसवली आणि ती खऱ्या मापावर आणली. पोळ्यानंतरची सगळी रेघ उठली आणि मागच्या रेघेला जाऊन भिडली. उन्हाळ्यात मोटर चालली की जरा खाली, थांबली की पुन्हा वर. दगडोबाच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपली विहीर श्वास घेते हे जन्मभर तिचं पाणी पिऊनही त्याला ठाऊक नव्हतं.

तरी दगडोबाच तो. फरहीन त्याच्या मोबाइलात लिंक धाडून, लॅपटॉप मिटून गोरेगावच्या जीपमध्ये बसून गेली, तेव्हा त्यानं मोबाइल काढला. लॅपटॉप गेला, आता काय दिसणार? लिंक दाबली. बराच वेळ नुसतं चक्र फिरलं, आणि मग रेघ आली. कुठल्या मुलखातलं ते मशीन, आणि त्यात साखऱ्याची विहीर! त्यानं अंगठ्यानं पट्टी आपल्या हाताच्या मापावर नेली, पाणी बुडालं. सुनेच्या मापावर आणली, पाणी वर आलं. त्यानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. डोळे भरून आले ते त्यानं पुसलेही नाहीत.

मग हिरासिंगला फोन लावला. "उद्या येऊ नको."

"काहून?"

"जिती हाय ती."

फोन ठेवून तो दाराकडं वळला. "सूनबाई, तू म्हनली व्हतीस, पाणी दिसतंय म्हणून."

"व्हय, मामा."

"मला ने मळ्यात. बघू दे."

प्रियंकानं हात पुढं केला. तो आखूड हात धरून दगडोबा उठला.