वह्या आणायला

दर चार महिन्यांनी आम्ही दोघी जावा "मुलांच्या वह्या आणायला" बाहेर पडायचो. मी घरीच शिकवण्या घेते, त्यामुळे कुणाला शंका येत नसे. जायचो मात्र दवाखान्यात. थोरल्या जाऊबाईंचं गर्भाशय खाली उतरलं होतं. ऑपरेशन नको म्हणून बसल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आत आधाराला सिलिकॉनची रिंग बसवली. ती वेळच्या वेळी काढून, धुऊन, आतली जागा तपासून पुन्हा बसवावी लागे.

"दाराला कडी, तशी मला ही," जाऊबाई हसायच्या. "पण मास्तरीण, घरात कुणाला कळलं तर तुझं-माझं संपलं. शपथ घे."

मी घेतली. परतताना खरोखरच डझनभर वह्या घ्यायचो, अगदीच खोटं नको म्हणून.

पुढे जाऊबाई विसरायला लागल्या. लेकाने त्यांना आपल्याकडे नेलं. दर भेटीत वाटे, सुनेला सांगून टाकावं. पण लेक तिथेच बसलेला असे, नाहीतर सून घाईत. "काही त्रास?" मी हळूच विचारायची. "मला काय धाड भरलीय?" त्या म्हणायच्या. कपाटातल्या वह्या संपल्या. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नव्या आणल्या आणि विषय पुढे ढकलला.

तीन वर्षांनी सुनेचा फोन आला. "काकू, आईंना रक्त जातंय. दोन महिने वास येत होता. नीट आंघोळ करत नाहीत म्हणून मी उगाच त्यांच्यावर ओरडत होते हो."

रिंग मांसात रुतली होती. ती काढताना जाऊबाई किंचाळल्या, ते बाहेर बाकावर ऐकू आलं.

"ही कधी बसवली होती?" डॉक्टरांनी येऊन विचारलं. सून गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी सगळं सांगितलं, अगदी महिन्यासकट.

"मुलांना तुम्हीच शिकवता ना काकू, माहीत असेल त्याने हात वर करायचा म्हणून?" ती एवढंच म्हणाली.

संध्याकाळी जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. सकाळचं काही त्यांना आठवत नव्हतं.

"मास्तरीण, कुणाला सांगितलं नाहीस ना?"

सून पायाशी पांघरूण सारखं करत होती. तिचा हात थांबला.

"नाही हो," मी म्हणाले.

"शहाणी माझी," जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.