मला टांगलं, त्याला हातात धरलं

मी एक घोंगडी बोलतेय. काळी, जाड, अंगाला टोचणारी. शहरातल्या एका हापिसाच्या भिंतीवर दोन खिळ्यांना अडकून बोलतेय, म्हणून आवाज जरा वरून येत असंल. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म पिशोरकडचा. मुंजाबानं आपल्याच मेंढरांची लोकर कातरली, त्याच्या बायकोनं, पुतळाबाईनं, ती कातली, आणि सणगरानं मागावर विणली. चिंचोक्याची खळ लावून उन्हात वाळवली तेव्हा मी अशी कडक झाले की उभी केली तर उभीच राहायची. मुंजाबा मला खांद्यावर टाकून म्हणाला, "आता पाऊस येऊ दे, न्हाय तर गारा." तेव्हापासून मी त्याच्या घरची.

त्यांची पोर अक्षदा माझ्यातच वाढली. मेंढरांमागं गावोगाव हिंडताना अंथरूण मी, पांघरूण मी, दुपारची सावलीही मीच. रुसली की माझ्यात तोंड खुपसून बसायची. मायच्या पदरात नाही, बापाच्या मांडीवर नाही, माझ्यात. हे मुद्दाम सांगते. पुढं माझा जीव का जळला ते त्याशिवाय कळायचं नाही.

माझा आणखी एक मान होता. मेंढरं वावरात बसवली की लेंडीमूत जमिनीत मुरतं, पीक जोमानं येतं. म्हणून शेतकरी मुंजाबाला वाटेत गाठायचे. "औंदा आमच्याकडं बसवा बरं का मेंढरं." मुंजाबा सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, "व्हय, येऊ की." मागायला आलेल्या माणसाला तोंडावर नाय म्हणायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. शेतकऱ्यालाही ठाऊक असायचं की हा व्हय नुसता रामरामासारखा आहे. खरं ठरायचं ते मला अंथरल्यावर. दोघं वहाणा काढून माझ्यावर बसायचे, चहा व्हायचा, सोयरे-धायरे निघायचे, आणि मग शब्द पडायचा. माझ्यावर बसून पडलेला शब्द कुणी मोडलेला मी पाहिला नाही.

मग घरात तो आला. मोबाइल.

अक्षदा शहरात शिकायला गेली आणि त्याला घेऊन आली. हातभर नाही, वीतभर. ना ऊब, ना वास. पण माझ्यावर निजून पोरगी तोंड त्याच्याकडं करायची. त्याची बॅटरी उतरली की उठून धावायची. माझा एक काठ उसवला होता, तो पुतळाबाईनं आठवण केल्याशिवाय दिसला नाही तिला. सवत म्हणतात ती अशीच असंल.

पुढं दुष्काळ पडला. पिशोरच्या माळावर कुसळ उरलं नाही. फुलंब्रीच्या रोडनं जिथं आम्ही उतरायचो, तिथं प्लॉटांच्या पांढऱ्या खुणा रोवलेल्या; शहर उन्हातसुद्धा वाढत होतं. मेंढरांना चारा कुठं आहे, पाणी कुठं आहे, कळेना. आणि ज्यांच्या विहिरींना थोडं पाणी होतं त्या शेतकऱ्यांना मेंढरं कुठं आहेत ते कळेना.

फुलंब्रीच्या एका बड्या शेतकऱ्याचा, आप्पासाहेबांचा, शिकलेला मुलगा, विश्वजीत, त्यानं यातूनच कंपनी काढली. नाव ठेवलं 'वाघर', मेंढरांभोवती लावायच्या जाळीचं. शेतकऱ्यानं मोबाइलवर वावर दाखवायचं, धनगराच्या मोबाइलवर विचारणा जायची, खाली दोन बटणं: होय, नाही. अक्षदा तिथं कामाला लागली. धनगरांना समजावून जोडून घेणं तिचं काम. आपल्या आळीतल्या एकेकाला तिनं स्वतः जोडलं. "अक्षदाच्या शब्दावर आलो," असं म्हणत आले सगळे.

एकदा ती घरी आली आणि मला उचललं. मी हरखले. वाटलं, पोरीला थंडी वाजू ऱ्हायली असंल. पण विश्वजीत म्हणाला, "वा! हिला दर्शनी भिंतीवर लावू. पाहुण्यांना आपली मुळं दिसली पाहिजेत." आणि मला खिळे ठोकले. समोरच्या टेबलावर मोबाइलच मोबाइल, आणि त्यांच्यावर गार वाऱ्याचं यंत्र. मी लोकरीची. मला गार करून काय मिळवलं त्यांनी, ते त्यांनाच ठाऊक.

कंपनी भराभरा वाढली. पडद्यावर रोज आलेल्या होयची एक रेघ चढत होती. विश्वजीत तिच्याकडं बघून हसायचा. "बघ अक्षदा, नकार एकपण नाही! सगळे होयच म्हणतायत."

मला वरून सगळं दिसत होतं. धनगरांनी वाटेतला व्हय बटणावर दाबला होता. अक्षदा त्याच रीतीत वाढलेली, पण पडद्यावरचा होय तिला पक्का वाटला. मी काही बोलले नाही. घोंगडी बोलत नाही हे खरंच; पण बोलता आलं असतं तरी त्या दिवसांत मी बोलले नसते. मोडू दे कंपनी, असंच मनात होतं. मोडली की पोरगी घरी येईल.

आणि एका सकाळी सगळे फोन एकदम वाजायला लागले. पहिला फोन पुंजारामचा, फुलंब्रीच्या पलीकडचा शेतकरी.

"पोरी, कुठंयत तुझी मेंढरं? माझ्या बायकोनं हंड्यानं पाणी आणून त्यांच्यासाठी हौद भरला. शेजाऱ्याला घोटभर दिलं नाय. हौद उन्हानं आटत चालला. या दिवसांत पाण्याची थट्टा करता व्हय गं?"

अक्षदानं पडद्यावर नाव शोधलं. पुंजारामला होय म्हणणारा धनगर होता तिचाच बाप.

मुंजाबाला बोलावलं. तो वहाणांसकट दारात घुटमळला. मला भिंतीवर बघून म्हणाला, "अगं, हिला फाशी कामून दिली?" अक्षदानं सरळ विचारलं.

"बापू, तुम्ही तिघा-तिघांना व्हय दाबलं?"

"मंग? माणूस मागू ऱ्हायला, त्याला काय नाय म्हनू?"

"माणूस नाय बापू, फोन आहे तो."

"फोनबी माणसाचाच ना?"

"पण जाणार कुणाकडं होतात?"

"ते ठरलं कुठं होतं? आम्ही बसलोच नाय अजून."

विश्वजीत कपाळाला हात लावून म्हणाला, "मामा, तुमच्या या रीतीपायी कंपनी बसंल माझी. अक्षदा, जे आले नाहीत त्यांना काढून टाक."

"सर, मग उरंल कोण? माझ्या बापापासून सुरुवात करावी लागंल." तिनं मोबाइल त्याच्यापुढं सरकवला. "बटणच काढू. आपण नुसती गाठ घालून द्यायची. दोघांनी फोनवर बोलायचं. दोघं 'बसलो' म्हणतील तेव्हाच ठरलं धरायचं."

"रेघ खाली येईल. पुढच्या आठवड्यात पैसा लावणारे पाहुणे येतायत. त्यांना काय दाखवू?"

"खाली आलेली रेघ दाखवा. नाय तर मला सोडा. मी लोकांना माझ्या शब्दावर आणलंय."

विश्वजीतनं रेघेचा पडदा बंद केला. मग म्हणाला, "लाव फोन पुंजारामला."

 बसायचं म्हणजे मीच. आता मला काढतील, झटकतील, अंथरतील. फोनला कळेल मी कोण ते.

अक्षदानं फोन स्टुलावर ठेवला. मुंजाबानं त्याच्याकडं बघितलं. मग वाकून वहाणा काढल्या, दारापाशी नीट लावल्या, आणि माझ्या अगदी खाली, उघड्या लादीवर, मांडी घालून बसला. फोनपुढं.

"बसलो हो पुंजारामभाऊ. चुकलं आमचं. बोला."

तिकडं वहाणा काढून ठेवल्याचा आवाज आला. मग, "मीबी बसलो. मेंढरं किती हायती?"

मेंढरं झाली, पाणी झालं, पुंजारामच्या कुत्र्याचा विषय झाला, त्याच्या पोरीचं सासर निघालं, ते मुंजाबाच्या मावशीचं गाव निघालं. इकडं चहा आला, तिकडंही कपबशी वाजली. शब्द पडला. मी एवढी वर टांगलेली, माझी आठवण एकालाही झाली नाही. माझा मान मुंजाबानं त्या वीतभराला दिला, आणि त्यालाही तो पेलला.

रेघ खाली आलीच. पाहुणे तोंड वाकडं करून गेले. पण ती परत चढली, आणि आता चढलेली राहिली. "वाघरवर बसून ठरलं म्हंजे मेंढरं येतातच," असं जालन्यापर्यंत झालं. लोक म्हणतात कंपनी विश्वजीतच्या डोक्यानं वाढली. कुणी म्हणतं दुष्काळानं वाढवली. मी वरून रोज बघते. पलीकडचा माणूस आपली सगळी रामकहाणी सांगून मोकळा होईपर्यंत अक्षदा फोन कानावरून काढत नाही. तिच्या हाताखाली आता पुष्कळ पोरी आहेत, त्यांनाही तिनं तेच शिकवलंय. कंपनी त्यानं वाढली. हे सांगताना मला गोड वाटत नाही.

परवा पुतळाबाई आली होती. मला हात लावून म्हणाली, "अक्षे, हिला कसर लागू ऱ्हायली, किडा लोकर खाऊ ऱ्हायला. नेऊ का घरी?"

अक्षदा खुर्चीवरून उठली. किती दिवसांनी माझ्याजवळ आली. माझं टोक हातात घेतलं, नाकाशी नेलं. "नको माय. इथं असली की मला घर असल्यासारखं वाटतं. हिच्यामुळं तर मी..."

फोन वाजला. तिनं टोक सोडलं.

बाकीचं वाक्य अजून माझ्यासमोर लटकलंय. ती रोज येते, रोज माझ्यापुढनं जाते. विचारायला मला तोंड नाही.

तुम्हाला विनवणी एवढीच. घरातल्या कुणा म्हाताऱ्याला, जुन्याला हातात धरून काही सांगत असाल, आणि तो वाजला, तर वाजू द्या थोडा वेळ. आधी वाक्य पुरं करा.