कापलेली वेणी
शिवणवाल्या काकू शाळेत आल्या त्या कापलेली वेणी पिशवीत घालूनच. त्यांच्या नववीतल्या लेकीची ही वेणी तिच्याच जिवाभावाच्या मैत्रिणीने, भिंगरीने, काल मधल्या सुट्टीत कापली होती. काकूंची मागणी एकच होती: भिंगरीच्या हातात दाखला द्या, आजच्या आज.

"दाखल्याचं मग बघू. आधी गोल बसू या," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

शाळेत ही नवीच टूम निघाली होती. कुणी कुणाला दुखावलं की शिक्षा नाही, गोल बसायचं. डस्टर ज्याच्या हातात त्याने बोलायचं, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या चोर सापडला तर त्यालाही पाट मांडणार का हे लोक? पण लेकीसाठी त्या बसल्या. समोर भिंगरी आणि तिचे वायरमन बाबा होते, कामावरून तसेच आलेले, खिशात पक्कड.

डस्टर हातात येताच काकूंनी तोंडाचा पट्टा सोडला. "लहानपणापासून वाढवलेले केस! रोज सकाळी मी स्वतः वेणी घालत होते. ही शाळेत राहणार असेल तर माझी पोर राहणार नाही, सांगून ठेवते."

भिंगरीने डस्टर घेतलं आणि चकार शब्द न काढता पुढे दिलं.

"घरीही हेच! किती विचारलं, मारलं, तरी ढिम्म," बाबा न राहवून म्हणाले. मुख्याध्यापिकांनी त्यांच्याकडे डोळे वटारले.

डस्टर लेकीकडे आलं. ती ते उलटसुलट करत राहिली. खडूची पूड तिच्या मांडीवर सांडली.

"मीच सांगितलं होतं तिला कापायला," ती म्हणाली. "कात्रीपण मीच नेली होती. आईची."

काकू ताडकन उठल्या. "काय बरळतेस? कुणी पढवलं तुला?"

"डस्टर तिच्याकडे आहे, काकू," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

काकू बसल्या.

"मार्क कमी पडले की आई वेणीला धरून फरफटत नेते. सहामाहीचा निकाल लागणार होता. म्हटलं, वेणीच नसली तर धरणार काय? भिंगरीला म्हटलं, मेलीस तरी सांगू नकोस. तिने नाही सांगितलं."

काकूंना आधी वाटलं, कार्टीने चारचौघांत अब्रू काढली. मग पिशवीतली वेणी मांडीला लागली आणि त्यांनी पिशवी झटकन खाली ठेवली. खोटं म्हणायची सोय नव्हती. परवाच तर धरली होती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की हो मी," वायरमन कसेबसे म्हणाले. "दोनदा हात उचलला पोरीवर." या वेळी त्यांना कुणी अडवलं नाही.

मुख्याध्यापिकांनी डस्टर काकूंकडे दिलं. "आता काय केलं तर हे सावरेल?"

काकूंचा जीव नुसता लेकीकडे धावला. त्यांनी तिच्या बोडक्या मानेवरून फिरवायला हात उचलला.

लेकीने झटकन मान आत ओढली आणि कोपर चेहऱ्यावर घेतलं.

काकूंचा हात तिथेच राहिला. भिंगरीला त्यांची दया आली असावी. कालपासून मिटलेलं तोंड तिने उघडलं.

"काकू, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी टाळी मागायला हात वर केला, तरी ती अशीच करते."