डब्यातली अळी

ऑफिसात जेवायला बसले, डबा उघडला आणि किंचाळलेच. आत जेवण नव्हतंच. लिंबाच्या पानांवर कावळ्याच्या शिटेसारखी दिसणारी एक लिबलिबीत अळी बसली होती. शी! लेकीने पाळलेल्या अळीचा डबा मी सकाळी घाईत उचलला होता. बापलेकींनी घराचा पार उकिरडा करून ठेवलाय!

डबा लांब सरकवला, तोच लेकीचा फोन आला. "आई, तिने काही खाल्लं का गं?"

आई उपाशी आहे, त्याचं कुणाला सोयरसुतक नाही! मी तणतणत केराच्या टोपलीपाशी गेले. तेवढ्यात त्या भवानीने मान वर केली आणि पुन्हा निवांत पान कुरतडायला घेतलं.

संध्याकाळी टॅक्सी खड्ड्यात आदळली, तशी मी ड्रायव्हरवर खेकसले, "अहो, जरा जपून चालवा! डब्यात लहान जीव आहे."